टायर रुंद केला की पकड वाढते का?

गाडी वर्षभर चालवली की टायरच्या दुकानात कुणीतरी सांगतंच, "साहेब, एक साइझ वर जा, ग्रिप वाढेल." हे कितपत खरं आहे, ते आज आपण पाहू. उत्तर आधीच सांगून टाकतो. कोरड्या रस्त्यावर ग्रिप थोडी वाढते. साचलेल्या पाण्यात उलट धोका वाढतो. आणि जुन्याच अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर वळणावर गाडी आधीपेक्षा सुस्त वाटू शकते.

सुरुवात रस्त्याला टेकलेल्या भागापासून करू. त्याला आपण ठसा म्हणू. माणसांसकट गाडीचं वजन १,२०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार करा, ठसा येतो १४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आपला हाताचा पंजा असतो ना, जवळपास तेवढाच. आता गंमत बघा, या हिशोबात टायरची रुंदी कुठे आलीच नाही! वजन तेच, हवा तीच, तर क्षेत्रफळही जवळजवळ तेच राहतं. टायरच्या कडकपणामुळे थोडा फरक पडतो, पण मुख्यतः बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा.

मग रुंद टायरवर गाडी वळणात चपळ का वाटते? स्टिअरिंग वळवलं की टायर लगेच त्या दिशेला जात नाही. आधी रबर पिळवटतं, चाक एकीकडे बघतं आणि गाडी किंचित दुसरीकडे जाते. या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. तो लहान असला की गाडी हाताच्या इशाऱ्यावर वळल्यासारखी वाटते. टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो. टेबलावर सपाट ठेवलेली फूटपट्टी बाजूला वाकवायला बघा, जितकी रुंद तितकी अवघड. रुंद पट्ट्याचंही तसंच. शिवाय रुंद टायरची साइडवॉल बहुधा बुटकी असते, म्हणून ती कमी डुलते. आमच्या मते या चपळपणाचं बरंचसं श्रेय साइडवॉललाच द्यायला हवं, पण दुकानात नाव होतं रुंदीचं.

पण साइडवॉलला खाली आधार रिमचा असतो, आणि नेमकं इथेच लोक पैसे वाचवायला जातात. १८५/६५ आर१५ हा टायर साधारण ५ ते ६.५ इंच रुंद रिमवर बसवायचा असतो. २०५/६५ आर१५ ला किमान ५.५ इंच लागतात. ५ इंचाच्या रिमवर २०५ चढवलात, तर तो चढेल, हवाही धरेल. पण साइडवॉल खाली आत ओढल्या जातात आणि टायर फुग्यासारखा गोल होतो. वळणावर तो आधी कलंडतो, मग गाडीला ओढतो. भार मधल्या पट्ट्यावर येतो, तिथली नक्षी आधी झिजते. म्हणजे रुंद टायरचे पैसे गेले आणि हाती आलं ढिलं स्टिअरिंग.

बरं, रिमही रुंद घेतला, तर तो गाडीच्या बाहेर किती येतो ते पाहावं लागतं. याला ऑफसेट म्हणतात, मिलिमीटरमध्ये असतो आणि बहुतेक अलॉयवर कोरलेला सापडतो. चाक फार बाहेर आलं की खड्ड्यात किंवा एका बाजूच्या डबक्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, बेअरिंगवरही ताण वाढतो.

आता पाऊस. खंडाळ्याच्या घाटातून जुलैत गेलेल्यांना जास्त सांगायला नको. टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. रुंद टायरपुढे पाणी जास्त, मधल्या पाण्याला कडेपर्यंत अंतर जास्त, आणि ठसा आखूड म्हणून वेळ कमी. पाणी सारून झालं नाही तर टायर त्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या टायरला स्टिअरिंग कळत नाही. लांबट ठशात पुढचा भाग पाणी हटवतो, मागचा रस्ता पकडतो. स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीत गाड्यांना मुद्दाम अरुंद, खिळ्यांचे टायर लावतात, तेही दाब थोड्या रुंदीत एकवटून खाली घट्ट थरापर्यंत पोचावं म्हणून. डांबरी रस्त्यावरच्या रॅलीत मात्र त्याच गाड्या रुंद टायरवर धावतात.

कंपनी साइझ कशी बदलते तेही बघा. स्विफ्टच्या काही मॉडेलांना १६५/८० आर१४ येतो, काहींना १८५/६५ आर१५. गणित केलं तर पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. रुंदी २० मिलिमीटरनं वाढली, पण साइडवॉल कमी करून व्यास सांभाळला. आपला दुकानवाला १८५ च्या जागी २०५/६५ देतो तेव्हा व्यास ६४७ च्या पुढे जातो, म्हणजे चार टक्के जास्त. स्पीडोमीटरचा काटा आधी ८० ला खरे ८० दाखवत असेल, तर आता खरा वेग ८३ असतो. आणि साइझ बदलायचीच असेल, तर पैसे देण्याआधी मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि टायर मडगार्डच्या आत कुठे घासतोय का ते वाकून बघा.