हळू चालवा, मे महिन्यात तर नक्कीच!

वर्ध्यात पारा ४५ ला टेकला की पवनारपर्यंतची सकाळची राइडसुद्धा नकोशी होते. मग सायकल ट्रेनरवर चढते आणि तिथेच चूक होते: वेळ कमी म्हणून आपण रोजच दम लागेपर्यंत पॅडल मारतो.

क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांना अव्वल खेळाडूंच्या सरावात उलटंच दिसलं. साधारण ८० टक्के सत्रं सोपी, उरलेली खरोखर कठीण. म्हणजे आठवड्यात पाच राइड असतील तर चार अशा, की पूर्ण वाक्य बोलता यावं. पाचवीत आठ-आठ मिनिटांचे चार जोरदार टप्पे, मध्ये दोन मिनिटं आराम.

घरात एक गोष्ट फार महत्त्वाची: पंखा, तोही थेट अंगावर. वारा नसला की शरीर तापतं, वॅट तेवढेच राहूनही हृदयाचे ठोके चढत जातात आणि सोपी राइड नकळत कठीण होते. ठोके चढले तर वॅट कमी करा, बिनधास्त.

आपल्या शेजारच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर! इतकं अंतर रोज दमछाक करून नाही कापता येत.

तुमच्या आठवड्यात सोप्या राइड किती? खाली लिहा.