लाकडात दडलेला ताण

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून जुन्नर-आंबेगावात घुसलं. ज्या बाळहिरड्यावर पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांना रोख पैसा मिळतो, त्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं. अशा वादळानंतर वाटा मोकळ्या करायला कुऱ्हाडी-करवती निघतात, आणि झाडतोडीतलं एक फार धोक्याचं काम तिथेच असतं: आडवं पडलेलं झाड तोडणं.

खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरचं लाकूड दाबलेलं असतं, खालचं ताणलेलं. एकच टोक टेकलं असेल तर नेमकं उलट. आधी दाबलेल्या बाजूला उथळ काप घ्यायचा, मग ताणलेल्या बाजूने बेताबेताने तोडायचं. सुरुवातच ताणलेल्या बाजूने झाली तर खोड फाटून उसळतं. दाबलेल्या बाजूला खोल गेलं तर करवत अडकते. झाड मुळांसकट उपटलेलं असेल, तर खोडाचा भार सुटताच मातीचा अख्खा गड्डा झटक्यात खड्ड्यात परत बसू शकतो. त्या खड्ड्याजवळ पोरंसोरं चुकूनही नकोत.

पण खरं थक्क करतं ते उभं झाड. वारा नसतानाही ते ताणलेलंच असतं! सालीखाली नवं लाकूड पक्व होताना त्याच्या पेशी लांबीत आखडू पाहतात. आतलं जुनं लाकूड त्यांना आखडू देत नाही. म्हणून खोडाची बाहेरची बाजू कायम ताणात, गाभा दाबात. लाकडाला ताण जास्त सोसतो, दाब कमी. वाऱ्याने झाड वाकलं की एका बाजूवर दाब येतो, आणि आधीचा ताण संपेपर्यंत तिथल्या लाकडाला त्याची झळच लागत नाही. पुलाच्या तुळयांत पोलादी तारा ताणून ठेवायची युक्ती झाडांना कोट्यवधी वर्षांपासून अवगत आहे.

डोंगरउतारावर कललेल्या, रुंद पानांच्या झाडांत याची कमाल होते. कलाच्या वरच्या अंगाला खास ताणाचं लाकूड बनतं आणि ते खोडाला सरळ ओढत राहतं. असं झाड मागून सरळ कापत गेलं, तर काप पुरा व्हायच्या आत बुंधा उभा चिरतो आणि मागचं फाळकं तोडणाऱ्यावर उसळतं. म्हणून पहिला घाव घालण्याआधी कल बघायचा, आणि पळायची वाट मागे तिरकी साफ करून ठेवायची. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब थांबायचं.