ढगांवरून साधलेला नेम

२०२४ च्या एप्रिल महिन्यात डीसीएस या युद्धविमानांच्या सिम्युलेटरमधील एफ-१५ई विमानाचे निर्माते रेझबॅम यांनी मोबदल्याच्या वादावरून आपले काम थांबवल्याचे जाहीर केले, आणि ज्या विमानाची आमच्या पिढीतील हौशी मंडळी वर्षानुवर्षे वाट पाहत होती, ते आगमनानंतर अवघ्या दहा महिन्यांत पोरके झाले. वादाची कैफियत दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने मांडली आहे आणि तिचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. माझे दुःख वेगळे आहे. ढगांच्या थरावरून, अथवा काळोख्या रात्री, केवळ रडारच्या पडद्यावरील धूसर ठिपक्यांवर विश्वास ठेवून बॉम्ब टाकण्याची, आणि तो नेम दर खेपेस थोडा थोडा अचूक करीत नेण्याची जी विद्या आम्ही संगणकाच्या पडद्यापुढे बसून कमावली, तिला शेवटचा समर्थ आश्रय या विमानाने दिला होता. तो आता डळमळीत झाला आहे.

या विद्येचा जन्म खेळात झाला नाही. ७ जून १९४२ रोजी इंग्लंडात एक हॅलिफॅक्स विमान कोसळले आणि एच-टू-एस या जमीन दाखवणाऱ्या नव्या रडारवर काम करणारा ॲलन ब्लुमलाइन हा असामान्य अभियंता त्यात दगावला. तरीही ते काम पुढे गेले आणि १९४३ च्या जानेवारीच्या अखेरीस हॅम्बर्गवरील हल्ल्यात ते रडार प्रथम वापरले गेले. हॅम्बर्ग सोपे होते, कारण एल्ब नदीचे पाणी रडारची शलाका आरशाप्रमाणे पुढे परतवते, पाणी पडद्यावर काळे राहते आणि काठ उजळून निघतो. अफाट पसरलेल्या बर्लिनला असा ठसठशीत काठ नव्हता, म्हणून तेथे बॉम्ब भरकटत राहिले. भरकटलेला बॉम्ब म्हणजे कोणाचे तरी घर, हे ध्यानात ठेवले की अचूकतेचा आग्रह हा निव्वळ हौसेचा विषय राहत नाही. खेळातही मी तो त्याच गांभीर्याने धरला.

पुढील चाळीस-पन्नास वर्षांच्या तपशिलात मला फारसे स्वारस्य नाही. १९८० च्या दशकातील एफ-१५ स्ट्राइक ईगल किंवा १९९१ चा फाल्कन ३.० हे आपापल्या काळातील उत्तम खेळ होते, पण त्यांतील बॉम्बफेक ही मुख्यतः डोळ्यांची आणि चपळ बोटांची होती. प्रत्यक्षात मात्र आपल्याच राज्यात, पुण्याच्या लोहगाव तळावर, ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सागरी जॅग्वार विमाने नाकात अगावे हे फ्रेंच रडार घेऊन समुद्रावरील जहाजांचा माग काढण्यास सिद्ध झाली होती. आमच्या हाती ते सामर्थ्य येण्यास १९९८ साल उजाडावे लागले.

आणि ते साल उजाडले ते दोन्ही हातांनी देत. वर्षाच्या पूर्वार्धात जेन्स मालिकेतील एफ-१५ आला. डिसेंबरात फाल्कन ४.० आला, सोबत रिंगच्या फायलीत ओवलेली सुमारे सहाशे पानांची पुस्तिका घेऊन. माझ्या दृष्टीने या विद्येचे दशक १९९८ ते २००८ हेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक, गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीतून बोईसरपर्यंत मांडीवर सांभाळून आणलेली जॉयस्टिक, आणि मग चिंचणी या आमच्या गावी, खाडीपलीकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे दिसत असताना, भारनियमनामुळे ऐन लक्ष्यावर पोहोचताना काळाठिक्कर पडणारा पडदा. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून उशाशी असलेल्या गावाने अंधारात बसावे, ही सल त्या काळी आम्हां सर्वांच्या मनात होती आणि ती माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

आमच्या मंडळींत बहुतेक जण डायमेकिंगच्या घरांतले. चिंचणीत घरोघरी दागिन्यांच्या डाय कोरल्या जातात, आणि पोलादावर केसभर चूक झाली तर ती प्रत्येक दागिन्यात उमटते, हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलांना चुकीचा उगम शोधण्याची शिस्त वेगळी शिकवावी लागली नाही. बॉम्ब लक्ष्यापासून दूर पडला की ही मुले त्याला दुर्दैव म्हणत नसत. चूक कोठून शिरली याचा तपास करीत. चूक चार वाटांनी शिरते, हे आम्हांस कळण्यास कित्येक पावसाळे गेले.

पहिली वाट शलाकेच्या रुंदीची. तीन अंश रुंद शलाका वीस सागरी मैलांवर जवळपास एक सागरी मैल पसरते, म्हणजे त्या पसाऱ्यात शेजारी शेजारी उभे असलेले दोन पूल पडद्यावर एकच ठिपका होऊन बसतात, आणि त्या ठिपक्याच्या मध्यावर कर्सर ठेवणारा माणूस दोहोंपैकी कोणत्याच पुलावर नेम धरीत नसतो. यावर तोड म्हणजे डॉप्लरच्या आधारे शलाका धारदार करणे: विमान पुढे जात असताना डावीउजवीकडील जमिनीवरून परतणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येत किंचित फरक पडतो आणि त्या फरकावरून यंत्र एका रुंद शलाकेच्या अनेक बारीक फाका करते. पण हा फरक नाकाच्या अगदी समोर जवळजवळ शून्य होतो, म्हणूनच लक्ष्याकडे सरळ चाल करून जाणाऱ्याला ऐन मोक्याच्या जागी काहीच स्पष्ट दिसत नाही. लक्ष्य वीस-तीस अंश बाजूला ठेवून यावे, नकाशा घ्यावा, कर्सर बसवावा आणि मगच वळावे. हे तत्त्व आमच्यापैकी एकाने पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून उकलून दाखवले तेव्हा आम्हांला झालेला आनंद एखाद्या बुद्धिबळपटूला जुना डाव उलगडल्यावर होतो तसा होता.

मुंबईतील एका नामांकित खेळाडूने मात्र त्याच सुमारास, रडारने टाकलेला बॉम्ब म्हणजे नशिबाची सोडत आहे आणि फाल्कनमधील जमिनीचे रडार ही केवळ शोभेची वस्तू आहे, असा फतवा काढला होता, आणि दुर्दैवाने नवशिक्यांनी तो शिरोधार्य मानला. त्यांचे प्रत्येक उड्डाण लक्ष्याच्या दिशेने सरळ रेषेत होत असे. पंचवीस वर्षांनंतरही मला हे लिहून ठेवणे अगत्याचे वाटते की दोष रडारचा नव्हता.

दुसरी वाट उंचीची, आणि हीच सर्वांत फसवी. रडार मोजते ते विमानापासून लक्ष्यापर्यंतचे तिरके अंतर. त्यातून जमिनीवरचे अंतर काढायचे तर लक्ष्य आपल्या किती खाली आहे हे यंत्राला ठाऊक असावे लागते. तीन किलोमीटर उंचीवरून सहा किलोमीटर पुढच्या लक्ष्यावर नेम धरताना लक्ष्याची उंची शंभर मीटरने चुकीची भरली असेल, तर लक्ष्याची जागाच पन्नास मीटरने सरकते. शिवाय बॉम्बला खाली येण्यास लागणारा वेळही सुमारे चार दशांश सेकंदाने चुकतो, आणि सेकंदाला २५० मीटर जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत त्याची किंमत शंभर मीटर होते. म्हणून लक्ष्यावर जाण्यापूर्वी, उंची माहीत असलेल्या एखाद्या सपाट जागेवरून जाताना रेडिओ अल्टिमीटरने यंत्रातील उंची दुरुस्त करून घ्यावी, हा आमचा शिरस्ता झाला. समुद्रासारखी सपाट आणि शून्य उंचीची जागा दुसरी कोणती? किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना हे सुचण्यास वेळ लागला नाही.

तिसरी वाट दिशादर्शनाची. जडत्वावर चालणारी यंत्रणा उड्डाणाच्या प्रत्येक तासाला सुमारे एक सागरी मैल वाहवत जाते, आणि धावपट्टीवर तिचे संरेखन पुरे होऊ न देता घाईने निघणाऱ्याला हे कर्ज आकाशात फेडावे लागते. चौथी वाट वेगाची. तीन किलोमीटरवरून सुटलेला बॉम्ब जवळपास पंचवीस सेकंद हवेत असतो. विमानाला स्वतःचा वेग सेकंदाला एका मीटरने चुकीचा वाटत असेल, तर कर्सर अगदी बरोबर जागी असूनही बॉम्ब पंचवीस मीटर चुकतो. या चौथ्या चुकीवर त्या दशकातील खेळांत आमच्यापाशी पुरेसा इलाज नव्हता, आणि त्याची खंत आम्ही सर्वांनी जवळ बाळगली होती.

लक्ष्यच पडद्यावर दिसत नसेल तेव्हा काय करावे, यावरील तोड मला त्या काळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. रडारला न दिसणाऱ्या दारूगोळ्याच्या कोठाराऐवजी जवळच्या धक्क्याच्या टोकावर अथवा लोखंडी पुलावर कर्सर बसवायचा, त्या खुणेपासून कोठाराची दिशा आणि अंतर आधीच यंत्राच्या दप्तरी नोंदवून ठेवायचे, आणि दिसणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून न दिसणाऱ्या वस्तूवर प्रहार करायचा. अशी खूण निवडण्याचा सराव आम्ही आपल्याच किनाऱ्याच्या नकाशावर करीत असू: तारापूरची खाडी चालेल, सुरूची बने चालणार नाहीत, डहाणूच्या औष्णिक केंद्राची चिमणी उत्तम. २००२ च्या सप्टेंबरात लोहगावला सुखोई-३० एमकेआय विमाने दाखल झाली तेव्हा तर या चर्चांना उधाण आले होते.

ते दशक निर्मात्यांनी टिकवले नाही. हौशी मंडळींनी टिकवले. डिसेंबर १९९९ मध्ये फाल्कनच्या निर्मात्यांचा चमू बरखास्त झाला, एप्रिल २००० मध्ये त्याची मूळ संहिता बाहेर फुटली, आणि जगभरातील स्वयंसेवकांनी बिनपगारी तिची मशागत सुरू केली. २००५ साली त्याची अलाइड फोर्स ही आवृत्ती आली, बेंचमार्क सिम्सच्या मंडळींनी २०११ साली आपली मोठी आवृत्ती दिली आणि तो फाल्कन आजही उडतो आहे. इतक्या दीर्घ काळ केवळ निष्ठेवर जगलेला दुसरा सिम्युलेटर मला ठाऊक नाही.

मधली वर्षे मी झपाट्याने ओलांडतो, कारण त्या वर्षांनी मला कंटाळा दिला. उपग्रहांच्या मार्गदर्शनाने जाणारे बॉम्ब आणि दूरवरून चित्र दाखवणारे पॉड खेळांत आले, आणि अचूकता ही कमावण्याची गोष्ट न राहता विमानाला टांगून नेण्याची गोष्ट झाली. डीसीएसमध्ये तर जमीन दाखवणारे रडार प्रथम आले ते २०१७ च्या जानेवारीत, स्वीडनच्या व्हिगन विमानासोबत. आजचा नवशिका निर्देशांक भरतो, बटण दाबतो आणि परत फिरतो; बॉम्ब चुकला तर कोठे चुकला हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याने चुकीचा जमाखर्च कधी मांडलेलाच नसतो. आणि त्याला तो शिकवण्याऐवजी, अवघड ते सारे काढून टाका अशी मागणी निर्मात्यांकडे करणारे लोक वाढत चालले आहेत, याचा मला मनस्वी संताप येतो.

म्हणूनच जून २०२३ मध्ये एफ-१५ई आला तेव्हा आमच्या विखुरलेल्या मंडळींत पुन्हा पत्रव्यवहार सुरू झाला. त्याचे रडार जमिनीचा ०.६७ सागरी मैलाचा, म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटरचा चौकोन स्वतंत्र चित्रासारखा उभा करते. आणि ज्या चौथ्या वाटेपुढे आम्ही हतबल होतो, तिच्यासाठी तेथे वेगाची दुरुस्ती आली. रडार जमिनीवर ठराविक दिशांना शलाका टाकते, परतलेल्या लहरींवरून विमानाचा खरा वेग काढते आणि यंत्रणेच्या वेगाशी ताडून पाहते. नकाशा घेण्यापूर्वी ही दुरुस्ती केली की साधे, बिनमार्गदर्शनाचे बॉम्ब ढगांवरून धावपट्टीच्या चौकात पडू लागले. वीस वर्षांपूर्वीची बाकी चुकती झाल्याचे समाधान मला त्या हिवाळ्यात मिळाले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात काम थांबल्याची ती बातमी आली.

२०२४ च्याच मे महिन्यात हीटब्लर या निर्मात्यांनी डीसीएसमध्ये एफ-४ई फँटम आणला, त्यात रडारवर दिसणाऱ्या खुणेवरून लक्ष्य गाठण्याची जुनी पद्धत निष्ठेने उतरवली आहे, आणि आमच्यातील उरलेले आता तेथे वस्तीला गेले आहेत. तेथील मंडळींकडे माझी एक मागणी आहे. चिंचणीचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते आणि भरतीच्या वेळी जी काळी-पांढरी सीमारेषा रडारवर खूण म्हणून धरावी, ती काही तासांत भलत्याच जागी जाते. पलीकडे वाढवणला बंदरासाठी समुद्रात भराव पडू लागला की ती रेषा कायमचीच बदलेल. पण मी पाहिलेल्या एकाही सिम्युलेटरला भरती-ओहोटी ठाऊक नाही. समुद्राचा काठ तेथे बाराही महिने एकाच जागी खिळलेला असतो. ज्यांना फँटमच्या जुन्या संगणकाचे बटण न् बटण उभारता आले, त्यांनी पाण्याची ही पातळी वेळेनुसार हलवावी आणि नकाशा छापल्याची तारीख व वेळ खेळाडूसमोर ठेवावी, म्हणजे किनाऱ्याची कोणती खूण धरावी आणि कोणती सोडावी याचा विचार त्याला पुन्हा स्वतः करावा लागेल.