कपाळावरचा घाम

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, त्या दिवसांत काटोल-नरखेडकडून पहाटेच्या एस.टी.ने निघालेला आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत दुपारपर्यंत बसलेला एखादा शेतकरी जेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा तो कोरडे ओठ जिभेने ओले करतो, दुपट्ट्याने कपाळ पुसतो, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतो आणि वकिलाच्या नजरेला नजर न देता जमिनीकडे पाहून उत्तरे देतो. हा मनुष्य खोटे बोलत आहे काय?

याज्ञवल्क्यस्मृतीने दुष्ट पक्षकाराची आणि साक्षीदाराची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे एका जागी स्थिर न राहणे, ओठांचे कोपरे चाटणे, ललाटावर स्वेद, मुखाचा वर्ण पालटणे, वाणी अडखळणे, त्यांतील बहुतेक याच्या ठायी आढळतात. आणि कौटिल्यानेही राजाच्या अन्नात विष कालवणाऱ्यास ओळखण्यासाठी शुष्क मुख, घाम, कंप व जांभई अशाच खुणा नोंदविल्या आहेत. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने येथे जो इशारा दिला, तो मला मूळ वचनाहूनही मोलाचा वाटतो: या विकारांवरून दोषाची केवळ संभावना कळते, निश्चय होत नाही, कारण कोणता विकार नैसर्गिक आणि कोणता नैमित्तिक, हा विवेक करणे दुष्कर आहे.

२००६ साली बाँड आणि डीपाउलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चोवीस हजारांहून अधिक व्यक्तींनी केलेल्या सत्यासत्याच्या पारखीचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा ती सरासरी शेकडा ५४ वेळाच बरोबर ठरल्याचे दिसले. नाणे उडवून केलेला निवाडाही पन्नासाच्या घरात जातो.

तरीही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचा वाटेल तो शेरा नोंदविण्याची मुभा न्यायाधीशास दिली आहे, आणि तीही सकारण. कारण अपिलात वरच्या न्यायालयासमोर जातो तो कागद, ज्यावर जबानीचे शब्द उमटतात, पण उत्तरापूर्वीचा विराम उमटत नाही. एवढ्यासाठी तो शेरा लिहिणाऱ्या हातावर मोठीच जबाबदारी येते. खाली झुकलेली दृष्टी ही अपराधाची खूण मानणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, आपल्या खेड्यापाड्यांत वडीलधाऱ्यांपुढे आणि अंमलदारापुढे डोळे वर न करणे हीच अदब समजली जाते.

घरगुती व्यवहारात मात्र आपण असे क्वचितच चुकतो. धरमपेठेतील एखाद्या घरी संध्याकाळी बसलो असता यजमान तोंडाने ‘बसा नं भाऊ, च्या घेऊन जा’ म्हणतात, पण त्यांचे पाऊल दाराकडे वळलेले असते आणि हात नकळत कडीवर गेलेला असतो. आपण उठतो, आणि कोणालाच वाईट वाटत नाही. हे साधते, कारण त्या गृहस्थाचे एरवीचे बसणे, बोलणे, हसणे आपल्या परिचयाचे असते, आणि त्यात आज पडलेला फरक तेवढा आपल्याला दिसतो. जिन्यावरच्या पावलांवरून मुलाचा निकाल ओळखणारी आई शेजारच्या मुलाच्या पावलांवरून काहीच सांगू शकत नाही. विज्ञानेश्वराच्या भाषेत, ज्याचे नैसर्गिक ठाऊक, त्याचेच नैमित्तिक कळते.

म्हणून काटोलच्या त्या शेतकऱ्यास काही विचारण्याचा प्रसंग माझ्यावर आला, तर प्रथम मी त्याला माठातले पाणी देववीन, पंख्याखाली बसवीन, यंदा आंबिया बहर कसा आला, गाडी किती वाजता मिळाली, हे विचारीन, आणि लपविण्याजोगे काहीच नसलेल्या या गोष्टी सांगतानाही तो जमिनीकडेच पाहतो काय, हे पाहीन.