वेटोळ्यांचा हिशेब

प्रवरेच्या कालव्यांनी भिजलेल्या श्रीरामपूरच्या काळ्या रानात खोडवा मोडून ट्रॅक्टरमागे नऊ फणांचा कल्टिव्हेटर चालू लागला म्हणजे फणांच्या माथ्यावर ताणून बसविलेल्या जाडजूड स्प्रिंगांकडे कोणी पाहत नाही. परंतु मातीत दडलेला एखादा धोंडा किंवा उसाचे चिवट बुडखे आडवे आले की फण मागे झुकतो, स्प्रिंग लांबते आणि अडथळा सरताच तीच स्प्रिंग फणाला जागेवर ओढून आणते. मोडू शकणारा फण मोडला नाही, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, हरेगावला आणि पुढे प्रवरानगरला साखरेचे कारखाने धडधडू लागले. आणि यंत्रांबरोबर ही तारेची वेटोळीही आपल्या व्यवहारात मुकाट्याने शिरली.

स्प्रिंग विकत घेताना आपण साधारणतः एकच प्रश्न विचारतो, ‘भक्कम आहे ना?’ हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे, असे माझे मत आहे. कारण जी तसूभरही दबत नाही ती लोखंडाची कांब झाली. विचारावयाचे ते असे, की किती भाराखाली ती किती मिलिमीटर हलावी, आणि तेवढे हलून पुन्हा मूळ लांबीवर यावी असे किती वेळा घडणार आहे. भार आणि लांबीतील फरक यांचे प्रमाण सरळ असते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. त्याने 1676 साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला आणि 1678 साली त्याची उकल जाहीर केली. शोध आपला, परंतु इतरांना तूर्त कळू नये, ही पेटंटच्या दरखास्तीपूर्वीची तजवीज मोठी गमतीची! एक मिलिमीटर दाबण्यास दोन किलो लागत असतील तर तीस मिलिमीटरांस साठ किलो लागावे, एवढाच त्या नियमाचा व्यावहारिक अर्थ.

खरी मौज तारेच्या जाडीत आहे. वेटोळ्याचा व्यास आणि आट्यांची संख्या तीच ठेवून चार मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटर तार घेतली तर स्प्रिंग सव्वापट नव्हे, जवळजवळ अडीचपट कडक होते, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताने वाढतो. उलट वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला तर तो अष्टमांशावर येतो. दहा आट्यांची स्प्रिंग लांब वाटते म्हणून दोन आटे कापून टाकणारा कारागीर तिला नरम करीत नसून सव्वापट कडक करीत असतो, आणि वर तिची चालही कमी करीत असतो. माझ्या घराच्या फाटकाला अशीच एक कापलेली स्प्रिंग एका दुकानातून आली; फाटक इतक्या आवेशाने मिटू लागले की पाहुणे दारातूनच परतण्याची वेळ आली.

दाबाची स्प्रिंग आणि ताणाची स्प्रिंग, या दोहोंत भेद केवळ दिशेचा नाही. दाबाची स्प्रिंग सर्व आटे एकमेकांस चिकटेपर्यंत दबते आणि तेथे थांबते, म्हणजे अतिरेकाला तिच्या ठायीच अटकाव असतो. क्वचित एखादा आटा तुटला तरी तुकडे जागच्या जागी बसून थोडाफार भार पेलतात. ताणाच्या स्प्रिंगचे तसे नाही. तिचे आटे गुंडाळतानाच एकमेकांस घट्ट चिकटवून ठेवलेले असतात, त्यामुळे ठरावीक ओढ लागल्याखेरीज ती उघडतच नाही. पण एकदा उघडली की तिला थांबविणारे अंगभूत काही नसते, आणि तिच्या टोकाचा आकडा जेथे वेटोळ्यापासून वळतो तेथेच तार बहुधा दगा देते. सबब, जेथे तुटल्याने जीवितास धोका आहे तेथे शक्यतो दाबाचीच योजना करावी, आणि ताणाची अपरिहार्यच असेल तर शेजारी दुसरी जोडावी किंवा साखळीचा जामीन घ्यावा. तरीही रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने दोन सुरक्षा-झडपांच्या मधल्या दांडीला एकच ताणाची स्प्रिंग बांधली, ती चालकाने झडप गुपचूप दडपून ठेवू नये म्हणून! एका झडपेवरील दांडी दाबली की दुसरीवरचा भार हलका होई. साखर कारखान्यांच्या बॉयलरवरील सुरक्षा-झडपांत मात्र सामान्यतः दाबाचीच स्प्रिंग असते, आणि कित्येक झडपांत ती वाफेच्या मार्गाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवतात; कारण उष्णतेने पोलादाची स्थितिस्थापकता ढासळते आणि झडप मुक्रर दाबापूर्वीच उघडू लागते.

धातूच्या निवडीचा आधार म्हणून आपल्याकडे स्प्रिंगांच्या पोलादी तारेसाठी आयएस 4454 हे भारतीय मानक आहे. कार्बनयुक्त, थंड ओढलेली तार सर्वांत स्वस्त आणि बळकट. परंतु सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या वर ती भरवशाची नाही, आणि दमट हवेत गंजते. स्टेनलेस स्टील थोडी अधिक उष्णता सोसते आणि गंजास दाद देत नाही, मात्र त्याच मापाची स्प्रिंग किंचित नरम पडते. गंज टाळण्यासाठी विजेने मुलामा चढविला की हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि तो योग्य तापमानात भाजून काढला नाही तर चमकणारी नवी स्प्रिंग काही दिवसांत ठिसूळ होऊन तुटते. चमकीवर भाळण्याची ही शिक्षा. लांबी व्यासाच्या चौपटीपुढे गेली तर दाबाची स्प्रिंग मध्येच बाजूला वाकते, तेव्हा तिच्या आत दांडा किंवा बाहेर नळी घालावी.

उद्या तुम्ही श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा एखाद्या गॅरेजात जुनी स्प्रिंग नमुना म्हणून घेऊन गेलात तर तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या, बाहेरचा व्यास मोजा, आणि दाबाची असेल तर दोन्ही टोकांचे न दबणारे, निष्क्रिय आटे वगळून उरलेले आटे मोजा. मोकळी लांबी मात्र त्या नमुन्यावरून धरू नका, कारण वर्षानुवर्षे दबलेली स्प्रिंग बसलेली असते आणि आपली आताची, खुजी लांबीच सांगते.