वरच्या धरणातलं पाणी

ॲबट्सफर्ड (ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा)

शेजारच्या सरदारजींची गाडी बंद पडली म्हणून त्या शनिवारी पहाटे पावणेसहाला मीच त्यांना आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला मैदानावर सोडायला गेले. बाहेर अंधार आणि पाऊस. कॅनडाच्या या पश्चिम टोकाला हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊसच जास्त, म्हणून हॉकीचा बर्फ मोठ्या छताखाली यंत्रानं गोठवून ठेवतात. आत पाऊल टाकलं की शीतगृहात शिरल्यासारखं वाटतं. सरदारजी ओल्या रबरी जमिनीवर गुडघे टेकून बसले, मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि बुटांच्या नाड्या ओढू लागले. या नाड्या सैल राहिल्या तर घोटा मुरगळतो, म्हणून तळहाताला वळ उठेपर्यंत ओढाव्या लागतात. आजूबाजूला आणखी दहा-बारा आईबाप त्याच अवस्थेत बसलेले. कुणी बोलत नव्हतं.

मुलगा बचावपटू आहे. पुढचा तासभर प्रशिक्षकानं त्याला जवळजवळ एकच गोष्ट करायला लावली: उलटं पळायचं. तोंड समोरच्या खेळाडूकडं, पाठ आपल्या गोलाकडं, आणि बुटांच्या पात्यांवर मागं मागं सरकायचं. मध्येच प्रशिक्षक डावीकडं वळायचा, मुलानंही वळायचं. पडला की उठायचं. तासाभरात त्याच्या वाट्याला गोलाकडं एकही फटका आला नाही. आपल्याकडं कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव लाऊडस्पीकरवर दुमदुमतं आणि कोपरा धरून उभ्या असलेल्या पोराकडं लोकांचं लक्ष जातं ते तो चुकला की. बर्फावरचा बचावपटू म्हणजे तो कोपरारक्षक. कोपऱ्यांसारखे डावे-उजवे दोघे जोडीनं उभे राहतात, आणि एकानं पाय काढला की दुसऱ्याला त्याची जागा झाकावी लागते.

खेळाची ओळख आधी करून देते, कारण आपल्या डोळ्यासमोर हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि ध्यानचंद येतात. इथं नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच. १९९४ साली कॅनडाच्या संसदेनं कायदा करून तिला हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ ठरवलं. मैदान साधारण ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद, चारी बाजूंनी उंच फळ्या. एका बाजूचे सहा जण बर्फावर: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून पळतो, बाकावर येतो, दुसरा फळीवरून उडी टाकून आत जातो, आणि खेळ चालूच राहतो.

सर्वांत वरची पायरी म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झाली, आज तिच्यात ३२ संघ आहेत, त्यातले सात कॅनडातले. आमच्याजवळचा संघ व्हँकुव्हरचा, नाव कनक्स. संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू, त्यातले २० सामन्याला गणवेश चढवतात, आणि त्या २० मध्ये बचावपटू बहुधा सहाच. ऑक्टोबर ते एप्रिल ऐंशीच्या वर सामने, त्याच फळ्यांवर आदळत. कुणाचा खांदा निखळतो, कुणाचं बोट मोडतं. सहातला एक गेला तर?

तर ॲबट्सफर्डला फोन येतो.

व्हँकुव्हरचा दुसरा संघ आमच्या गावात खेळतो. तो अमेरिकन हॉकी लीगमध्ये आहे. त्या लीगमध्येही ३२ संघ, वरच्या प्रत्येकाच्या पाठीशी एक. ॲबट्सफर्ड ते व्हँकुव्हर साधारण ७० किलोमीटर. माझ्या येलदरीहून जिंतूरमार्गे परभणी गाठायला जेवढं जावं लागतं, त्याहून थोडं जास्त. खालच्या संघातल्या पोराला दुपारी निरोप येतो, तो पिशवी नि काठ्या गाडीत टाकतो आणि संध्याकाळी वरच्या संघाच्या खोलीत बसलेला असतो. याला इथं ‘कॉल-अप’ म्हणतात. २०२१ पर्यंत व्हँकुव्हरचा हा दुसरा संघ न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला होता, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाला. पोराला बोलावलं की विमानं बदलत यावं लागायचं. मग क्लबनं तो संघ हलवून आमच्या गावी आणला.

मी येलदरीची. वडील धरणाखालच्या वीजगृहात नोकरीला होते, त्यामुळे हे सगळं मला समजलं ते हॉकीमुळं नव्हे, पूर्णेमुळं. परभणी-हिंगोलीच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पूर्णा नदीचं पाणी साठतं येलदरीला. वीजगृहातून ते खाली उतरतं, सिद्धेश्वरला पुन्हा अडवलं जातं, आणि तिथून कालव्यांत जातं. शेतकरी कालव्याचं पाणी बघतो, सिद्धेश्वरचं नाव घेतो. पण सिद्धेश्वरची पातळी राखायची तर येलदरीत साठा हवा, आणि मागणी आली की सोडायची सोय हवी. व्हँकुव्हर हे सिद्धेश्वर, ॲबट्सफर्ड हे येलदरी. नकाशा काढून बघा, इथली फ्रेझर नदीसुद्धा आधी ॲबट्सफर्डवरून वाहते आणि मग व्हँकुव्हरपाशी समुद्राला मिळते.

जानेवारी २०२५ मध्ये असंच एक पाणी सुटलं. इलायस पेटरसन नावाचा स्वीडनचा वीस वर्षांचा बचावपटू ॲबट्सफर्डला खेळत होता. २०२२ साली लीगच्या संघांनी नवी पोरं निवडून घेतली त्यात त्याचं नाव ८० वं आलं होतं, म्हणजे त्याच्याआधी ७९ पोरांना संघ मिळाले. त्याला व्हँकुव्हरनं वर बोलावलं. गंमत अशी की व्हँकुव्हरच्या संघात आधीपासून एक इलायस पेटरसन होताच, तोही स्वीडनचा, आघाडीला खेळणारा, २०१९ साली लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला. आता एकाच बाकावर एकाच नावाचे दोघे. टीव्हीवर समालोचक प्रत्येक वेळी कुठला पेटरसन ते सांगायचा, आणि मी स्वयंपाकघरातून धावत यायचे, आमच्या गावचा कोणता ते बघायला.

लहान बचावपटूला वर नेल्यावर वागवायची इथली रीत मला फार मनापासून आवडते. पहिल्या सामन्याआधी सरावाला संघ बर्फावर उतरताना त्याला सगळ्यात पुढं पाठवतात आणि मागचे दारातच थांबतात. वीस वर्षांचं पोर एकटंच त्या मोठ्या बर्फावर फेरी मारतं, काचेपलीकडं आईबाप उभे असतात. मग खरा सामना. प्रशिक्षक त्याला शक्यतो तिसऱ्या जोडीत ठेवतो, सोबत अनुभवी माणूस देतो आणि खेळवतो दहा-बारा मिनिटंच. घरच्या मैदानावर आणखी एक सोय आहे. खेळ थांबला की शेवटी खेळाडू बदलायचा हक्क यजमान संघाला असतो. समोरच्यानं आपले सर्वांत धोकादायक तिघे उतरवले की प्रशिक्षक पोराला बाकावर बसवतो आणि जाणत्या जोडीला पाठवतो. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पन्नास माणसांच्या पुरणपोळीला कुणी बसवत नाही, तसंच.

आठ दिवसांनी दुखापत झालेला माणूस बरा होतो आणि पोर परत ॲबट्सफर्डला येतं. इथं त्यात कमीपणा मानत नाहीत. बचावपटू पिकायला वेळ लागतो हे सगळ्यांनी मान्यच केलेलं आहे. आघाडीचा एखादा खेळाडू अठराव्या वर्षीही चमकतो, बचावपटू बहुधा तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी उभा राहतो. खाली त्याला मिनिटं भरपूर मिळतात, चुका करायला जागा मिळते.

नियमही या येण्याजाण्याला धरून आहेत. ठरावीक वर्षं किंवा सामने झालेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी २४ तास बाकीच्या संघांपुढं त्याचं नाव ठेवावं लागतं. कुणालाही तो उचलून नेता येतो. अगदी तरुण खेळाडूंना यातून सूट आहे, म्हणून वर-खाली होतात ते बहुतेक तेच. पैशांचा हिशेब तर मला थेट धरणाच्या कामाची आठवण करून देतो, कारण तो रोजंदारीचा आहे. तरुणांच्या करारात दोन आकडे असतात, एक वर खेळल्याचा, एक खाली खेळल्याचा, आणि वरच्या संघात जितके दिवस तितक्याच दिवसांचा वरचा पगार. २०२५-२६ च्या हंगामात वरच्या लीगमधला किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. हंगामाचे सुमारे १९० दिवस धरले तर दिवसाला ४,००० डॉलरांहून जास्त. चार दिवसांचं बोलावणं आलं तरी पोराचं कित्येक महिन्यांचं घरभाडं निघतं.

या देशाबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. ॲबट्सफर्डमध्ये पंजाबी खूप. १९११ साली बांधलेला गुरुद्वारा अजून उभा आहे आणि त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. त्याच पंजाबी लोकांसाठी २००८ साली हॉकीचं समालोचन पंजाबीतून सुरू झालं. रबरी चकतीला ते ‘टिक्की’ म्हणतात, आणि काठी उगारून मारलेल्या जोरदार फटक्याला ‘चपेड’. शेजारच्या आजी, ज्यांना इंग्रजीचं एक वाक्य येत नाही, त्या ‘टिक्की’ कुठं गेली हे मला सांगतात. १९८९ साली रॉबिन बावा वरच्या लीगमध्ये खेळला तेव्हा तिथं पोचलेला तो पहिला भारतीय वंशाचा खेळाडू होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळच्याच सरे शहरात जन्मलेला अर्शदीप बैंस ॲबट्सफर्डहून व्हँकुव्हरच्या संघात गेला आणि डेन्व्हरला पहिला सामना खेळला. तो आघाडीचा खेळाडू, आणि कुठल्याही संघानं निवडीत न घेतलेला. जून २०२५ मध्ये ॲबट्सफर्डनं खालच्या लीगचा काल्डर करंडक जिंकला तेव्हा संघात बैंस होता आणि मुख्य प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा होते, ज्यांचे वडील भारतीय वंशाचे. त्या रात्री आमच्या गल्लीत ढोल वाजला.

सगळं चांगलं आहे असं नाही. हा खेळ महाग आहे. बूट, शिरस्त्राण, काठ्या, बर्फाचं भाडं, दर आठवड्याचा प्रवास. सरदारजी ब्लूबेरीच्या हंगामात जादा पाळ्या करतात त्या यासाठीच. ज्याच्या घरी गाडी नाही त्याचं पोर पहाटे सहाला मैदानावर पोचू शकत नाही. ज्या साठ्याचं मी इतकं कौतुक केलं त्यात सगळ्या ओढ्यांचं पाणी येत नाही, आणि हा दोष मोठा आहे.

तरीही मला राहून राहून आपलं आठवतं. शाळेत असताना मी कबड्डीत उजवा कोपरा धरायचे. तालुक्याच्या निवडीत बारा मुली घेतल्या आणि माझं नाव तेरावं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी त्या बारांतल्या दोघी आजारी पडल्या. संघ दहा जणींचा गेला. मला कुणी निरोपच धाडला नाही, कारण तेरावं नाव कुठं लिहूनच ठेवलेलं नव्हतं. मी त्या आठवड्यात रोज संध्याकाळी धरणाच्या भिंतीखालच्या मोकळ्या जागेत भावाला चढाई करायला लावून पकडीचा सराव करत होते.

आपल्याकडं होत नाही असंही नाही. पुणेरी पलटणनं ‘युवा पलटण’ नावाची दुसरी फळी उभी केली, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार तिथून वर आला आणि १ मार्च २०२४ ला त्याच्याच कप्तानीखाली पलटणनं प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं. पण हे पुण्याच्या पैसेवाल्या क्लबचं झालं. खडकीचा हॉकीपटू धनराज पिल्ले मुंबईला पोचला तो मोठा भाऊ तिथं होता म्हणून. जिंतूर तालुक्यातल्या पोराचा भाऊ मुंबईला नसतो.

म्हणून जिंतूर तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना आणि गावोगावच्या कबड्डी मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा निवड झाली की बाराव्या नावाखाली रेघ मारू नका. तेरा ते चोवीस नावं लिहा, प्रत्येकापुढं घरचा फोन नंबर लिहा, आणि त्या मुलामुलींना आठवड्यातून दोनदा त्याच मैदानावर, त्याच शिक्षकांच्या नजरेखाली बोलवा. कोपरारक्षकांची नावं आधी लिहा. यादीची एक वही येलदरीच्या शाळेतही ठेवा. वहीचा आणि फोनचा खर्च मी इथून पाठवते.