तंबूत नव्हे, भाड्याच्या तळघरात

निर्वासित म्हटले की तंबूंच्या रांगाच डोळ्यांपुढे येतात. जॉर्डनमधल्या झातारी छावणीची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि सीरियातून पळालेले सगळे तिथेच राहतात, अशी समजूत झाली. प्रत्यक्षात जॉर्डनमध्ये नोंदलेल्या सीरियन निर्वासितांपैकी सुमारे ८० टक्के लोक अम्मान, इरबिद, मफ्रक अशा शहरांत राहत आले आहेत.

मग शहरात आले म्हणजे सुटले? छावणीत निवारा, पाणी, दवाखाना यांचे पैसे पडत नाहीत. शहरात महिना भरला की घरमालक दारात उभा. परवडते ती खोली अनेकदा तळघरातली. भिंतींना ओल, हिवाळ्यात बंद खोलीत पेटवलेली गॅसची शेगडी आणि मुलांचा न हटणारा खोकला. अम्मानमध्ये नळाला साधारण आठवड्यातून एकदाच पाणी येते, ते गच्चीवरच्या टाकीत साठवायचे. टाकी लहान आणि माणसे जास्त असली की टँकर मागवायचा. पैसे नसले तर अंघोळी आणि धुणी पुढे ढकलायची.

‘हे लोक रोग आणतात’ हा मला सगळ्यांत घातक वाटणारा गैरसमज. २०१३ मध्ये सीरियात पोलिओ उद्भवला, तेव्हा जॉर्डनने राष्ट्रीयत्व न विचारता मुलांना डोस पाजले. देशात एकही रुग्ण आढळला नाही. या माणसांचे नेहमीचे आजार मधुमेह, रक्तदाब, दमा. म्हणजे आपल्या घराघरांत आहेत तेच. घात होतो तो औषधात खंड पडल्याने. नोव्हेंबर २०१४ पर्यंत सरकारी दवाखान्यांत त्यांना उपचार मोफत होते. मग विमा नसलेल्या जॉर्डनी नागरिकाएवढे शुल्क लागू झाले. २०१८ मध्ये ते परदेशी माणसाच्या दराच्या ८० टक्क्यांवर गेले, पुढच्या वर्षी पुन्हा उतरले. भाडे थकलेले असताना असा दर वाढला की बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते.

आणि सगळे मदतीवर बसून खातात, हेही खरे नाही. २०१६ पासून हजारोंनी शेती, बांधकाम, कारखान्यांत काम करण्याचे परवाने काढले. वैद्यकीय व्यवसाय मात्र परदेशी लोकांसाठी बंद ठेवलेल्या कामांत मोडतो. त्यामुळे सीरियातून आलेल्या डॉक्टरला शेजारच्या तळघरातल्या आपल्याच माणसाचा रक्तदाब तपासून रीतसर औषध लिहून देता येत नाही.